माझे गाण्याचे मास्तर मोहिते ब्रदर

मोहिते ब्रदरांची स्कूटर जिथं उभी असेल, तिथं मोहिते ब्रदर नसतात. ग्वाल्हेरात हा नियम मी तरी अजून मोडलेला पाहिलेला नाही. स्कूटर नई सडकेवर मिठाईच्या दुकानापुढं दिसली, तर माणूस मागच्या दोन गल्ल्या ओलांडून कुणाच्या तरी तिसऱ्या मजल्यावर गेलेला असतो. स्कूटर जयेंद्रगंजात मारुतीच्या देवळापाशी असेल, तर त्या दिवशी मारुतीची आणि त्यांची भेट झालेली नसते. यामुळं त्यांच्याबद्दल शहरात भलभलते समज आहेत. मिठाईवाल्याच्या शेजारचा कापडवाला त्यांना पक्का गोडघाशा समजतो. देवळातले पुजारी त्यांच्या भक्तीचे दाखले देतात. आणि आमच्या गल्लीच्या तोंडाशी एका वकिलाचं ऑफिस आहे, तिथला चहावाला मला एकदा हळहळून म्हणाला होता, "बेचारे का कोई बड़ा केस चल रहा है, रोज आते हैं."

केसबीस काही नाही. मोहिते ब्रदर घरी येऊन पेशंटची शुश्रूषा करतात. पुरुष नर्सला दवाखान्यात ब्रदर म्हणतात, आणि सरकारी इस्पितळाच्या साथीच्या वॉर्डात अख्खी नोकरी काढल्यावर ते नाव त्यांना असं चिकटलं, की त्यांच्या खऱ्या नावाची चौकशी करायचं कुणाला सुचलंच नाही. आता निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली. किला गेटपाशी दोन खोल्यांत धाकट्या बहिणीबरोबर राहतात. लग्न दोघांचंही नाही. टीबी, कावीळ, टायफॉइड, डेंगू, कांजिण्या, म्हणजे जे आजार शेजाऱ्यांना सांगताना माणूस आवाज खाली आणतो, ते सगळे ब्रदरांच्या वाट्याचे. साधं ब्लडप्रेशर असेल तर ते चक्क नाही म्हणतात. "त्याला कोणीही चालेल. जिथं कोणी जाऊन नाही राहिलं, तिथं मला बोलवा."

दिसायला उंच, सुकलेले, पांढरा हाफ शर्ट, आणि शर्टाच्या खिशात पेनाच्या जागी साबणाची डबी. दुसऱ्याच्या घरचा साबण त्यांना पसंत पडत नाही. घरात शिरले की नमस्कार नंतर, आधी खिडक्या. पडदा सरकवायचा, कडी काढायची, दोन्ही दारं सताड उघडायची, आणि मग आपण जिवंत आहोत की नाही हे बघायचं. जानेवारीचं धुकं असो की जूनची लू, त्यांना फरक पडत नाही. उन्हाळ्यात तर त्यांची नजर कूलरवर असते. आठवड्याभराचं पाणी दिसलं, की घरमालकाच्या परवानगीची वाट न बघता कूलर आडवा. माझ्या एका सहकाऱ्याच्या घरी त्यांनी असा कूलर उलटवला, तेव्हा पाणी खालच्या मजल्यावरच्या माणसाच्या वाळत घातलेल्या पापडांवर गेलं. तो वर भांडायला आला. ब्रदरांनी त्याच्याही घरात जाऊन त्याचाही कूलर रिकामा केला.

हे सगळं मी ऐकून होतो. हसतही होतो. मग माझ्यावर वेळ आली.

मी एका कॉलेजात लायब्ररियन आहे. त्यामुळं दोन महिने खोकत होतो तेव्हा सगळा दोष जुन्या पुस्तकांच्या धुळीवर टाकून मोकळा झालो होतो. डॉक्टरांनी छातीचा फोटो काढला, थुंकी तपासली आणि म्हणाले, "दिघे, धूळ नाही. टीबी आहे. सहा महिने रोज गोळ्या घ्या, ठणठणीत व्हाल." मला सुटल्यासारखं वाटलं. माझ्या बायकोनं, सुनंदानं मात्र घरी येताच दार लावलं, कडी घातली आणि म्हणाली, "कुणाला सांगायचं नाही."

तिचं काही चुकत नव्हतं. आमची मुलगी ईशा सव्वीस वर्षांची. सरवट्यांच्या अनिकेतचं स्थळ चालून आलेलं, पत्रिका जुळलेल्या, पोरं दोनदा भेटून आलेली, दोघं एकमेकांना पसंत. फक्त मोठ्यांची बैठक व्हायची होती. घरात टीबी आहे हे कळलं की स्थळ कसं आपोआप थंडावतं, हे आमच्या ग्वाल्हेरच्या मराठी मंडळींत कुणाला शिकवावं लागत नाही. नकार कुणी देत नाही. फक्त फोन यायचा बंद होतो.

ईशाला हे मान्य नव्हतं. "बाबा, सांगून टाका ना यार. छुपाके क्या मिलेगा? उद्या कळलं तर ज्यादा बुरा लगेगा त्यांना." पण आम्ही दोघांनी तिला गप्प केलं. तिची आणि सुनंदाची तपासणी करून घेतली, दोघी ठीक निघाल्या, आणि आम्ही तोंडाला कुलूप लावलं. डॉक्टरांना म्हटलं, रोज गोळ्यांसाठी दवाखान्यात नको, कुणी बघेल. ते म्हणाले, "घरी येणारा एक माणूस आहे. थोडा विचित्र आहे, पण त्याच्याइतकं तोंड मिटून राहणारा दुसरा नाही."

दुसऱ्या दिवशी सकाळी सव्वासातला ब्रदर आले. जानेवारीतली सकाळ, समोरची इमारत दिसत नव्हती. त्यांनी तिन्ही खिडक्या उघडल्या. मी रजईत, सुनंदा शालीत, आणि धुकं आमच्या बैठकीत. मग त्यांची नजर गॅलरीत गेली. तिथं कोपऱ्यात माझं ताट, वाटी आणि पेला वेगळा मांडून ठेवलेला होता. सुनंदानं ते मन घट्ट करून केलं होतं, तिला दोष नाही. ब्रदरांनी माझा पेला उचलला, माठातलं पाणी घेतलं, उभ्या उभ्या प्यायले, आणि पेला स्वयंपाकघरातल्या फळीवर बाकीच्या पेल्यांत ठेवून दिला.

"ताटानं टीबी नाही होत, वहिनी. बंद खोलीनं होतो. पडदे धुवायला टाका आजच. आणि पंधरा-वीस दिवस साहेबांनी तोंडाला रुमाल लावायचा. मग तोही नाही." मग माझ्याकडं वळून, "चला. काही खाल्लं तर नाही ना? रिकाम्या पोटी दवा खायची."

माझ्या तळहातावर त्यांनी गोळ्या ठेवल्या. मी गिळल्या. त्यांनी खिशातून छोटा टॉर्च काढला.

"आ करा. मोठा. जीभ वर!"

मला वाटलं गंमत करतायत. पण त्यांनी खरोखर माझ्या जिभेखाली उजेड मारून पाहिलं, डावीकडं, उजवीकडं, आणि समाधानानं टॉर्च विझवला. पुढचे सहा महिने रोज सकाळी पन्नाशी उलटलेला मी एका माणसापुढं तोंड वासून बसत होतो. ईशानं सुचवलं, की आजकाल मोबाईलवर व्हिडिओ पाठवला तरी चालतं. ब्रदर म्हणाले, "मोबाईल जीभ उचलून बघतो का?" मग त्यांनी एका पेशंटची कथा सांगितली. नाव, गाव, मोहल्ला काही सांगितलं नाही, ते कधीच सांगत नाहीत. तो गोळ्या जिभेखाली धरायचा आणि ब्रदर गेले की तुळशीत टाकायचा. "तुळस मस्त झाली," ब्रदर म्हणाले, "माणूस तीन महिन्यांनी स्ट्रेचरवर आला."

गोळ्यांनी लघवी नारंगी होईल, घाबरू नका, हेही त्यांनी आधीच सांगितलं होतं. मी तरीही घाबरलो आणि त्यांना फोन केला. ते म्हणाले, "मुबारक हो. दवा काम करून राहिली आहे."

त्या दिवसांतच एकदा मला ते नई सडकेवर दिसले. मी आनंदानं हात जोडले. त्यांनी माझ्याकडं पाहिलं, माझ्यातून आरपार पाहिलं आणि मागच्या ठेल्यावरच्या वांग्यांचा भाव विचारू लागले. मला अपमान वाटला. दुसऱ्या दिवशी सकाळी गोळ्या देताना स्वतःच म्हणाले, "बाजारात मला नमस्ते करायचं नाही. बरोबरचा कोणी विचारेल, ह्यांना कसं ओळखता? मग काय सांगाल? मी कोणालाच ओळखत नाही बाहेर. बुरा नका मानू." तेव्हा स्कूटरीचंही कोडं थोडं सुटलं. सगळ्या शहरात त्यांनी बरे केलेले लोक पसरलेले आहेत, आणि हा गृहस्थ त्या सगळ्यांच्या जवळून अनोळखी माणसासारखा निघून जातो.

पण स्कूटर कितीही लांब लावली तरी जिना आमचाच चढायचा होता. खालच्या मजल्यावर सक्सेना भाभी राहतात. त्यांच्या दारावरून मांजर गेलं तरी त्यांना त्याचं कुळ-गोत्र माहीत हवं असतं. आठव्या दिवशी त्यांनी सुनंदाला गाठलं. "वो लंबे-से सज्जन रोज सुबह आते हैं, कौन हैं?" सुनंदा गांगरली. तेवढ्यात वरून माझा खोकला ऐकू आला. आणि माझ्या साध्यासुध्या बायकोनं, जिनं आयुष्यात कधी दुधात पाणी घातलं नाही, तिनं सांगून टाकलं, "गाण्याचे मास्तर आहेत. हे गाना सीख रहे हैं."

दुसऱ्या कुठल्या शहरात हे खपलं नसतं. पण ग्वाल्हेरात गाणं शिकायला वय लागत नाही आणि कारणही लागत नाही. इथं रिक्षावाला तानेवर मान डोलावतो. सक्सेना भाभी गहिवरल्या. "अरे वाह! इस उमर में! तभी मैं कहूँ, सुबह-सुबह ये कैसी आवाज आती है. खरज का रियाज है!" माझ्या खोकल्याला असा मान आजवर कुणी दिला नव्हता.

ब्रदरांना हे कळलं तेव्हा ते चिडले. गिळलेल्या गोळीनंतरचा टॉर्च त्यांनी नेहमीपेक्षा जास्त वेळ धरला. "मी मास्तर नाही. मी झूठ बोलत नाही, साहेब. चाळीस वर्षं झाली. कोणी विचारलं तर सांगतो, बताऊ शकत नाही. पण झूठ नाही." सुनंदाच्या डोळ्यांत पाणी आलं. तिनं ईशाच्या लग्नाचं सांगितलं. ब्रदर ऐकत राहिले. जाताना फक्त खिडकी उघडी आहे ना, हे दोनदा पाहिलं.

पण भाभी सोडणाऱ्या नव्हत्या. दोन दिवसांनी त्यांनी ब्रदरांना जिन्यातच अडवलं. मी वरून कान देऊन ऐकत होतो, जीव मुठीत.

"सर, दिघे जी कैसा कर रहे हैं?"

"सुधार है," ब्रदर म्हणाले.

"कितना टाइम लगेगा?"

"छह महीने. रोज करना पड़ेगा. एक दिन भी छूटा तो सब गड़बड़."

"बड़ी मेहनत है!"

"मेहनत तो है. पर करेंगे तो पूरा ठीक हो जाएगा."

एकही शब्द खोटा नव्हता. भाभी धन्य झाल्या आणि संध्याकाळी त्यांच्या नवऱ्याला म्हणाल्या, की गुरु असावा तर असा, फालतू तारीफ नाही.

तिसऱ्या महिन्याअखेर माझा खोकला गेला, थुंकी तपासणीत काही निघालं नाही, वजन वाढलं, आणि मला, जसं सगळ्यांना वाटतं तसं, वाटायला लागलं की आता पुरे. त्याच सुमारास सरवट्यांचा निरोप आला, येत्या रविवारी दहाला येतो, सगळं पक्कं करून टाकू. मी ब्रदरांना म्हटलं, "रविवारी नका येऊ. एका दिवसानं काय होतंय?"

"आज एक. मग दुसऱ्या हफ्त्यात दोन. मी येणार."

"मग गोळ्या देऊन ठेवा. मी घेतो."

"तुम्ही?" ते म्हणाले, आणि आमच्या गॅलरीतल्या तुळशीकडं बघितलं. शेवटी ठरलं, की ते नेहमीपेक्षा लवकर, सहालाच येतील, गोळ्या देतील आणि पाहुणे यायच्या आत तीन मोहल्ले लांब जातील.

रविवारी सहा वाजले, सात वाजले, नऊ वाजले, ब्रदर नाहीत. फोन लागेना. मी भुकेला. रिकाम्या पोटी गोळ्या घ्यायच्या, म्हणून चहासुद्धा घेतला नव्हता. बरोबर दहाला सरवटे आले. सरवटे रेल्वेतून निवृत्त झालेले, गोल, हसरे, गाण्याचे शौकीन. सरवटेवहिनी बारीक अंगाच्या, कमी बोलणाऱ्या आणि जास्त बघणाऱ्या. बरोबर अनिकेत. सुनंदानं डाळ भरलेली बेडईची पुरी, आलूची सब्जी आणि जलेबी मांडली. सगळे खात होते आणि यजमान नुसता जलेबीकडं बघत होता.

"तुम्ही घेत नाही?" सरवट्यांनी विचारलं.

"आज माझा उपास," मी म्हणालो.

"रविवारी? कशाचा?"

मला एकही देव आठवेना. तेवढ्यात बेल वाजली. ईशानं दार उघडलं. दारात ब्रदर, घामानं भिजलेले. किला गेटच्या एका घरात पहाटे डेंगूच्या पोराचा ताप उतरून अंग गार पडलं होतं, त्याला इस्पितळात भरती करून ते तसेच धावत आले होते. पाहुण्यांनी भरलेली खोली बघून ते थबकले. मागं वळले. मग त्यांनी माझ्याकडं पाहिलं, घड्याळाकडं पाहिलं आणि आत आले. खिडकीकडं गेलेला हात त्यांनी मोठ्या कष्टानं आवरला.

सुनंदानं घाईनं सांगितलं, "हे ह्यांचे गाण्याचे मास्तर."

ब्रदरांनी मान खाली घातली. होही म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही. फक्त म्हणाले, "पाच मिनिटं साहेबांना आत पाठवा. आजचं राहिलंय."

आतल्या खोलीत मी गोळ्या गिळल्या. बाहेरच्या खोलीत, मला नंतर ईशानं सांगितलं, सगळे कान लावून बसले होते. आणि पडद्याआडून ब्रदरांचा आवाज बाहेर गेला, "आ करा. मोठा. आणखी मोठा आ. आता जीभ वर!"

सरवट्यांनी मांडीवर थाप मारली. "वा! ह्याला म्हणतात ग्वाल्हेरची तालीम! खुला आकार! आजकाल कुठं राहिलंय हे?"

आम्ही बाहेर आलो तेव्हा सरवटे उभेच होते. त्यांनी ब्रदरांचे दोन्ही हात धरून त्यांना खुर्चीत बसवलं. "मास्तर, तुम्हाला असं जाऊ देणार नाही. ह्या घराशी आमचं नातं जुळतंय. शुभ दिवस आहे. दोन ओळी ऐकवा. काहीही."

ब्रदर माझ्याकडं बघायला लागले. मी त्यांचा चेहरा कधी असा पाहिला नव्हता. वॉर्डात माणसं मरताना पाहिलेला तो माणूस दोन ओळींच्या भीतीनं पांढरा पडला होता. मला वाटलं आता म्हणतील, बताऊ शकत नाही. पण ते तसं म्हणाले असते तर पुढचा प्रश्न आलाच असता, आणि हे त्यांनाही कळत होतं. त्यांनी ईशाकडं पाहिलं. मग घसा साफ केला आणि चाळीस वर्षांत न बोललेलं खोटं बोलायला तोंड उघडलं. "आज घसा जरा..."

"थांबा ब्रदर," मी म्हणालो.

माझ्यात एवढं बळ कुठून आलं, देव जाणे. मी भित्रा माणूस आहे, पुस्तक उशिरा आणणाऱ्या पोरांनासुद्धा मी नजर चुकवून दंड सांगतो. पण हा माणूस माझ्यासाठी खोटं बोलणार, हे माझ्यानं बघवेना. मी सरवट्यांना म्हणालो, "हे गाण्याचे मास्तर नाहीत. हे मोहिते ब्रदर, नर्स आहेत. मला टीबी झाला. तीन महिने हे रोज मला गोळ्या देतायत. आम्ही तुमच्यापासून लपवलं. ईशा सांगा म्हणत होती, आम्हीच नाही सांगितलं."

सुनंदानं पदराचं टोक मुठीत धरलं होतं. सरवटे खचलेल्या आवाजात म्हणाले, "म्हणजे गाणं नाहीच?"

"नाही," मी म्हणालो.

"मला कळलं होतं," सरवटेवहिनी म्हणाल्या. त्यांनी हातातली बशी खाली ठेवली. "हे दारात उभे राहिले ना, तेव्हाच. आम्ही नई सडकेला राहायचो तेव्हा माझ्या सासऱ्यांना टीबी झाला होता. हेच ब्रदर यायचे. आमचे हे तेव्हा रेल्वेच्या बदलीवर बाहेरगावी, ह्यांनी त्यांना कधी पाहिलंच नाही. सासरे बरे झाले, पुढं बारा वर्षं जगले. आम्ही कुणाला, कुणाला म्हणून सांगितलं नाही. अनिकेतलाही नाही." मग ब्रदरांकडं वळून, "ओळखलंत ना ब्रदर?"

"नाही बाई," ब्रदर म्हणाले. "मला काही आठवत नाही."

"अहो, आता तरी ओळखा. आता आम्हीच बोललो ना!"

ब्रदर गोंधळले. असा प्रसंग त्यांच्या नियमांत नव्हता. मग अगदी हळू विचारलं, "बाबूजी शेवटी चहा बिनसाखरेचाच प्यायचे का?"

वहिनींना हसू आणि रडू एकदम आलं. त्यांनी पुढचं जे विचारलं ते थेट विचारलं, आता दिघ्यांपासून कुणाला धोका आहे का, पोरीची तपासणी झाली का, औषध पूर्ण होणार का. आणि आमचे ब्रदर, जे मघाशी दोन ओळींना घाबरले होते, ते ताठ बसून तारीखवार सांगू लागले. पेशंटसमोर, पेशंटच्या परवानगीनं. त्यांना उघडपणे बोलायला मिळाल्याचं मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. अनिकेतनं तेवढ्यात सगळ्या खिडक्या उघडून टाकल्या. ईशानं माझ्यापुढं बेडईची बशी ठेवली, आणि ब्रदरांनी तिला ती लगेच उचलायला लावली. अजून अर्धा तास खायचं नव्हतं.

लग्न ठरलं. माझे सहा महिने पुरे झाले. सक्सेना भाभींनाही मी खरं सांगितलं. त्या दोन दिवस रुसल्या, टीबी झाला म्हणून नाही, गाणं नाही म्हणून.

थंडी सुरू झाली तेव्हा पत्रिका छापून आल्या. मोहिते ब्रदरांची पत्रिका घेऊन मी स्वतः किला गेटला गेलो. मला बघून ते घाबरलेच. "इथं कशाला आलात? फोन करायचा." मी पत्रिका पुढं केली. वर त्यांचं नाव मी माझ्या हातानं लिहिलं होतं. त्यांनी ती दोन्ही हातांनी घेतली, वाचली आणि माझ्याकडं परत केली.

"मी नाही येत, साहेब. तिथं खूप लोक असतील, ज्यांच्या घरी मी गेलोय. मला बघून ते परेशान होतील. खाना पण नाही खाणार बेचारे. मी कुठल्याच शादीत जात नाही." आणि आमच्यासाठी चहा ठेवायला आत निघून गेले.

खाटेवर त्यांची बहीण बसली होती. कुसुमताई. साठी ओलांडलेली, पांढऱ्या केसांची नीट वेणी घातलेली. त्यांनी माझ्या हातातली पत्रिका मागून घेतली.

"रागावू नका," त्या म्हणाल्या. "दादा लहानपणी असा नव्हता. आमच्या आईला टीबी झाला होता. दवाखान्याचा एक माणूस रोज यायचा सुई लावायला. फार चांगला माणूस. थंडीत, पावसात, एक दिवस चुकला नाही. त्याची सायकल आमच्या दारातच उभी असायची, आणि वर पिशवी, लाल अक्षरांत दवाखान्याचं नाव लिहिलेली. सगळ्या मोहल्ल्याला कळलं." त्या थांबल्या. "माझं लग्न ठरलं होतं. मी एकोणीसची होते. आई बरी झाली. पण त्या लोकांनी नाही म्हणून पण नाही सांगितलं. बस, आलेच नाहीत. दादा त्यानंतर ह्या लाइनीत गेला. मला म्हणाला, कुसुम, काम मी त्या माणसासारखंच करीन. पण माझ्यामुळं कोणाची बहीण घरी नाही बसणार."

आत स्टोव्हचा आवाज येत होता. त्या एवढ्या वर्षांत त्या माणसानं कितीतरी पोरींची लग्नं अशी राखली असतील, आणि त्यातल्या एकाही मांडवात त्याला कुणी बोलावलं नाही. आम्हीही बोलावलं नसतं, सरवटेवहिनी तिथं नसत्या तर. हे मला त्या खोलीत बसून कबूल करावं लागलं, आणि मला माझी फार लाज वाटली.

कुसुमताई पत्रिका वाचत होत्या. ईशाचं नाव, अनिकेतचं नाव, बोट ठेवून.

"मुलाकडच्यांना माहीत आहे?" त्यांनी विचारलं. "तुमचं? टीबीचं?"

"हो. सगळं."

"आणि तरी लग्न होऊन राहिलंय?"

"तरी होतंय."

त्यांनी पत्रिका मांडीवर ठेवली. ब्रदर चहाचे तीन कप घेऊन दारात आले, तेव्हा त्या त्यांच्याकडं न बघताच म्हणाल्या, "दादा, मला ह्या लग्नाला जायचंय."

ब्रदर कप घेऊन तसेच उभे राहिले. त्यांनी माझ्याकडं पाहिलं, मग तिच्याकडं. रोग्यांच्या घरात कधी न डगमगणारा तो माणूस, हातातले कप कुठं ठेवायचे तेच विसरला होता. शेवटी मीच उठून ते घेतले.

"माझ्याकडं चांगली साडी नाही रे एक पण," कुसुमताई म्हणाल्या.

"आज घेऊ," ब्रदर म्हणाले. "चहा पी, मग निघू. आजच घेऊ."